तीन नंबरचा मागचा सिलिंडर

सोमवार, ३

ही वही बायकोने आणून दिली. म्हणाली, "दिवसभरात जे काही बडबडायचं ते हिच्यात बडबडा, माझे कान किटले." संसाराला तेहतीस वर्षं झाल्यावर आता तिचे कान किटले. बरं.

तर लिहितो. शनिवारी तलावाचा किनारा खुला होतोय. लोक पोहायला येतील, काही बुडायलाही येतील, आणि बुडणाऱ्यांना काढायला आपल्याकडे तीन वॉटर स्कूटर आहेत. तिन्ही टू-स्ट्रोक, दोन-दोन सिलिंडरच्या, वयाने माझ्याच पंक्तीतल्या. त्यांची सगळी देखभाल माझ्याकडे आहे. आज इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग बदलायला घेतले. माझी एक पद्धत आहे. नवा प्लग बसवला की त्याच्या अंगावर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा आणि दर वर्षी रंग बदलायचा. वरची टोपी काढली की प्लग कधीचा ते तिथल्या तिथे कळतं. गेल्या वर्षी लाल होता, यंदा हिरवा. बाटली लेकीची. हिरवी नखं करून कुठे मिरवते ते तिलाच ठाऊक.

एक नंबर झाली, दोन नंबर झाली, खांदा कुरकुरला तरी. तीन नंबरचा पुढचा प्लग झाला आणि मागच्यापाशी उजवा खांदा अडला. मागचा सिलिंडर म्हणजे माळ्यावरचा अगदी आतला डबा. हात कोपरापर्यंत घालून वर वळवावा लागतो. जुना प्लग लांब दांड्याच्या पान्याने काढता येतो, पण नवा बोटांनीच लावायचा असतो, नाहीतर आटे मरतात. हात वळवला तर डोळ्यांपुढे काजवे चमकले. गारठ्याने असेल. मागचा उद्या करतो.

बंद हंगामात एक काम मात्र झकास केलंय. पिस्टन सिलिंडरमध्ये हवा किती जोराने दाबतो ते सांगणारं कॉम्प्रेशन गेज असतं, त्याची नळी वीतभर. मी तांब्याची दीड हात लांब नळी जोडून घेतली. आता मागच्या सिलिंडरसाठी आत हात घालायलाच नको, उभ्या उभ्या वरून फिरवून बसवली की झालं. गरज ही शोधाची जननी म्हणतात ते खोटं नाही.

बुधवार, ५

कालचा दिवस धक्क्याच्या फळ्या ठोकण्यात गेला. आज सकाळी शिट्टीसाहेब आले. हे आमचे व्यवस्थापक. गळ्यात कायम शिट्टी, पण पाण्यात घोट्याच्या वर गेलेले कोणी पाहिलेले नाहीत. म्हणाले, "मास्तर, दुपारपर्यंत तिन्ही वह्या हव्यात, वरून माणूस येतोय."

प्रत्येक स्कूटरची एक वही असते. डाव्या पानावर चालवणारा लिहितो, उजव्यावर मी. तिन्ही वह्या एका बैठकीत भरून दिल्या. तेल तपासले, नळ्या तपासल्या, दोन्ही प्लग बदलले, सही. तिन्हींत तेच. अक्षर इतकं छान आलं की साहेबांनी वरच्या माणसाला मुद्दाम दाखवलं.

घरी येताना सारखं वाटत होतं की एक काम राहिलंय. आठवेना. बायको म्हणाली, साबण आणायचा राहिलाय. तेच असेल.

शनिवार, ८

किनारा खुला झाला. तीन नंबर यंदा आमच्या टिटवीला मिळाली. टिटवी म्हणजे आमची एकुलती एक लेक. लहानपणी फाटकात अनोळखी माणूस दिसला की अशी ओरडायची की तेच नाव पडलं. गेल्या वर्षीपासून त्याच गळ्यावर इथे किनाऱ्यावर नोकरी करते. हद्दीच्या तरंगत्या बोयांच्या पलीकडे कोणी गेला की हिची आरोळी पार समोरच्या काठावर पोचते. परीक्षेत पहिली आली, परवाना मिळाला. मला आनंद झाला नाही असं नाही, पण तोंडावर सांगितलं की डोक्यावर बसतात.

आमच्याकडे एक नियम आहे. स्कूटर पाण्यात गेली की चालवणारा हात वर करतो आणि धक्क्यावरच्या मेकॅनिकने हात वर केल्याशिवाय रेस द्यायची नाही. त्याचा अर्थ, मी पाहिलंय, तू जा. तिने हात केला, मीही केला. माझ्या उजव्या हातात पाना होता म्हणून डावा केला. तरी बाईसाहेब अर्धा मिनिट माझ्याकडे बघत बसल्या. लक्ष कुठे असतं कोण जाणे. मग गेली.

मंगळवार, ११

संध्याकाळी टिटवी वर्कशॉपात आली. "बाबा, तीन नंबर जोरात रेस दिली की दम खाते. मिसिंग मारते."

"दम खात नाही ती. तुझा हात जड आहे."

"मी वहीत लिहिलंय, दोनदा."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणालो. जरा जास्तच बोललो असेन. पण मशिन गेल्याच आठवड्यात माझ्या हातून गेलंय. तिच्या दोन्ही नोंदींपुढे "तपासले, ठीक" लिहिलं. तपासायचं काय होतं त्यात?

शुक्रवार, १४

आज अक्षर वाचता आलं नाही तर नाही आलं.

दुपारी वारा सुटला. एक चष्मेवाले गृहस्थ हवेच्या गादीवर पडून वाहत बोयांच्या पलीकडे गेले आणि गादीची हवा सुटली. टिटवी पाण्यातच होती. तिने पुरी रेस दिली, स्कूटर दहा-बारा हात उडाली, भकभक केली आणि बंद. गृहस्थ अजून शंभरेक हात लांब. हात वर, डोकं खाली, पुन्हा वर. टिटवीने दोनदा बटण दाबलं आणि स्कूटर सोडून पाण्यात उडी टाकली. तिने पोहत जाऊन त्यांना धरलं. तेवढ्यात एक नंबर चालवणारा, ज्याला आम्ही दाढी म्हणतो, तो आला आणि त्याने दोघांना ओढून आणलं.

गृहस्थ वाचले. पाणी ओकले, चष्मा गेला म्हणून रडले. टिटवी वाळूवर बसून दातावर दात आपटत होती. मी धक्क्यावर होतो. उगाच पेटीतले पाने मोजत बसलो. तिच्याजवळ जायला हवं होतं. मी गेलो स्कूटरकडे.

साहेबांना लेखी अहवाल हवाय. दोष मशिनचा की चालवणाऱ्याचा, एवढंच. सोमवारपर्यंत.

शनिवार, १५

सापडलं.

दोन्ही प्लग काढले, रेसची तार पूर्ण ओढून बांधली आणि गेज लावून इंजिन फिरवलं. पुढच्या सिलिंडरला वीतभर नळी, काटा एकशे चाळीस पौंडांवर. उत्तम. मागच्याला माझी लांब नळी, काटा एकशे पाचवर उभा. पुन्हा केलं, एकशे पाच. तिसऱ्यांदा एकशे चार. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्के फरक असला तरी भुवया उंचावतात, इथे तर पाव भाग गायब. म्हणजे मागचा सिलिंडर घासला गेलाय. आणि टू-स्ट्रोकचा सिलिंडर कशाने घासतो? तेल नसलं की. तेल रोज कोणी भरायचं? चालवणाऱ्याने.

मागचा प्लगही काळाकुट्ट निघाला, तेलाने चिकट, लाल ठिपक्याचा. पुढचा हिरव्या ठिपक्याचा, कोरडा, खणखणीत. दोन्ही पत्र्याच्या ताटलीत ठेवलेत पुरावा म्हणून.

बाप म्हणून सूट द्यायची नाही. दुसऱ्या कोणाची पोर असती तर मी काय लिहिलं असतं, तेच लिहायचं. मन घट्ट केलं आणि लिहिलं: मागच्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन कमी, कारण तेलाकडे दुर्लक्ष, जबाबदारी चालकाची.

रविवार, १६

जेवताना सांगितलं. मागून कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळलेलं बरं.

टिटवी म्हणाली, "मी रोज सकाळी तेल भरलंय, बाबा. वहीत आहे."

"वहीत लिहायला काय जातं?" मी म्हणालो.

तिने अर्धी भाकरी ताटातच ठेवली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं, टिटवी गप्प म्हणजे घर ओळखीचंच वाटत नाही. ताट उचलून गेली. बायको म्हणाली, "अहो, पोरगी परवा बुडणाऱ्या माणसाला पोहत जाऊन धरते, आणि तुम्ही तिच्या तेलाचे हिशेब काढता?" मी म्हणालो, हा तेलाचा प्रश्न नाही, सचोटीचा आहे. तिने कपाळाला हात लावला आणि उठून गेली.

सोमवार, १७

अहवाल दिला. साहेब उभे राहिले. "मास्तर, सख्ख्या मुलीविरुद्ध! आजकाल असा माणूस बघायला मिळत नाही." मला भरून यायला हवं होतं. नव्या चपलेसारखं कुठेतरी टोचत मात्र राहिलं.

टिटवीला पाण्यावरून काढून लाइफ जॅकेटच्या खोलीत बसवलंय. येणाऱ्याला जॅकेट द्यायचं, जाणाऱ्याचं घ्यायचं. चोवीस तारखेला समिती बसेल. अहवाल मान्य झाला की तिचा परवाना रद्द, आणि एकदा रद्द झालेला परवाना कुठल्याच पाण्यावर परत मिळत नाही. दुपारी खोलीवरून गेलो. ती जॅकेटांच्या बकला तपासत होती, एकेक लावून, ओढून, सोडून. तिला ते काम कोणी सांगितलेलं नव्हतं.

बुधवार, १९

दोन दिवस झाले, डोक्यात भुंगा शिरलाय.

काल मागच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून पुन्हा गेज लावलं. पिस्टनच्या रिंगा घासल्या असतील तर तेलाने फटी भरतात आणि काटा चांगला वर चढतो. काटा ढिम्म. एकशे सहा. म्हणजे रिंगा नाहीत. मग सिलिंडरच्या डोक्यावरच्या झाकणाचं, म्हणजे हेडचं गॅस्केट फुटलं असेल म्हणून आज हेड खोललं. गॅस्केट अखंड. बोट घालून मागचा सिलिंडर तपासला, आरशासारखा. कारखान्यातून येताना पाडलेल्या तिरप्या रेघासुद्धा शाबूत. पिस्टनवर एक ओरखडा नाही. पुढचा आणि मागचा शेजारी शेजारी ठेवले तर जुळे भाऊ.

सिलिंडर धडधाकट आणि काटा म्हणतो आजारी. कोणाचं ऐकायचं? आजवर काट्याने मला कधी फसवलेलं नाही. नवं गॅस्केट घालून हेड बंद केलं, पुन्हा लांब नळी लावली. एकशे पाच.

जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, खांदा दुखतोय का? खांद्याचा इथे काय संबंध?

गुरुवार, २०

आज वाटलं सगळ्याचाच उलगडा झाला. दाढी जेवायला गेला होता, तेवढ्यात एक नंबरचं झाकण उघडून मागच्या सिलिंडरला माझी नळी लावून पाहिली. एकशे सहा! म्हणजे एकटी टिटवी नाही, हे सगळेच तेलात काटकसर करतायत. लगेच साहेबांना सांगायला निघालो होतो.

दाढी वाटेतच भेटला. त्याला म्हणालो, तुझाही मागचा सिलिंडर गेलाय. तो ढोबळ माणूस, पण पंधरा वर्षं पाण्यावर काढलीत त्याने. "मास्तर, सकाळी मी तिच्यावर दोन माणसं मागे बसवून वाऱ्याच्या तोंडावर गेलोय. मेलेल्या सिलिंडरवर बाप तरी जाईल का कोणाचा?"

"काटा सांगतोय."

"मग काट्याला बसवा मागे," तो म्हणाला आणि हसत सुटला. मी त्याला प्लग परत लावून घे म्हणून निघालो. साहेबांकडे गेलो नाही. का गेलो नाही ते कळत नाही. दाढी तेल भरायला चुकत नाही, हे मला माहीत आहे.

शुक्रवार, २१

दुपारी टिटवी जॅकेटच्या कपाटाची किल्ली द्यायला आली. आठवडाभरात पहिल्यांदाच वर्कशॉपात पाऊल टाकलं. किल्ली ठेवताना ताटलीकडे बघत राहिली.

"हा मागचा?"

"हो."

तिने उचलला, बोटाने पुसला, बोट माझ्यापुढे धरलं. काळं, चिकट. "तेल नव्हतं म्हणता. मग प्लग तेलात बुडालेला कसा?"

मी म्हणालो, कॉम्प्रेशन नसलं की तेल जळत नाही, साठतं. ते खोटं नाही. पण तेल साठायला आधी ते टाकीत असावं लागतं, हे मला ती गेल्यावर सुचलं.

मग तिने प्लग उजेडाकडे धरून फिरवला. फार वेळ. प्लग होता तसा ताटलीत ठेवला आणि म्हणाली, "येते मी." एवढंच. त्यात बघण्यासारखं एवढं काय होतं?

शनिवार, २२

सकाळी वर्कशॉपात कोणी नव्हतं. काही करायचं म्हणून नाही, हात स्वस्थ बसेना म्हणून लांब नळी उचलली आणि ती पुढच्या सिलिंडरला लावली. त्याच एकशे चाळीस पौंडांच्या, निर्दोष, खणखणीत सिलिंडरला. इंजिन फिरवलं.

एकशे चार.

वीतभर नळी लावली, एकशे चाळीस. पुन्हा लांब लावली, एकशे चार. मी पेटीवर बसलो.

शिकाऊ पोरालाही समजेल असं आहे. हवा रोखून धरणारी झडप नळीच्या टोकाला, प्लगच्या भोकापाशी हवी. माझ्या नळीत ती दुसऱ्या टोकाला, गेजपाशी आहे. म्हणजे पिस्टनने दाबलेली हवा आधी माझ्या दीड हात नळीत पसरते आणि उरलेला जोर काट्याला दिसतो. सिलिंडर कुठलाही असो, नळी त्यातली पस्तीस पौंडं खाणारच. मी नळीचा आजार मोजत होतो आणि सिलिंडरच्या नावावर लिहीत होतो. सिलिंडरच्याही नाही. लेकीच्या.

मग ती बंद का पडली? आता ताटलीकडे बघायला कोणी सांगायची गरज नव्हती. लाल ठिपका. लाल गेल्या वर्षीचा, यंदाचा हिरवा. शनिवारी पंधरा तारखेला मी माझ्या हाताने इथे "लाल ठिपक्याचा" असं लिहिलंय आणि पुढच्या ओळीवर गेलोय. आंधळा तरी बरा, त्याला दिसत नाही हे माहीत असतं.

घरी येऊन ही वही मागे उलटली. सोमवार, तीन तारीख. "मागचा उद्या करतो." माझंच अक्षर. तो उद्या आलाच नाही. जुन्या, तेलकट प्लगवर पोरगी आठवडाभर पाण्यावर जात होती, दम खाते म्हणून दोनदा लिहीत होती, आणि पुरी रेस दिल्यावर त्या प्लगने मान टाकली. आणि स्कूटरच्या वहीत, त्याच सुंदर अक्षरात, दोन्ही प्लग बदलले.

वहीत लिहायला काय जातं, असं मी तिला विचारलं होतं.

रविवार, २३

जे मनात आलं ते लिहितो, नाहीतर या वहीचा उपयोग काय.

आलं असं, की आत्ताच जावं, कसाही करून प्लग बदलावा, लाल प्लग तलावात भिरकावून द्यावा. उद्या समितीआधी साहेबांना सांगावं की पुन्हा मोजलं, बरं निघालं, किरकोळ होतं, मुलीला सोडा. तीही सुटेल, मीही सुटेन. साहेबांना प्लग आणि पापड यातला फरक कळत नाही. अर्धा तास मी हे खरंच करणार होतो. शर्टही घातला होता.

बायको दारात होती. "कुठे निघालात?"

तिला सगळं सांगितलं. प्लगचं, नळीचं, खांद्याचंही. वर्षभर उजवा हात कानाच्या वर जात नाही हे पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं. वाटलं होतं ती चिडेल. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, "तिला शुक्रवारीच कळलंय."

"काय?"

"लाल ठिपका. हिरवी बाटली तिचीच ना? घरी येऊन मला सांगितलं. मी म्हटलं, जा, आत्ताच्या आत्ता साहेबांना सांग. तर म्हणाली, नको, बाबांना त्यांचं त्यांना कळू दे."

"आणि मला कळलंच नसतं तर?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, मग समितीत मी काही बोलणार नाही."

परवाना जाऊ देणार होती. मी तिच्या हाताला जड म्हणालो, तिच्या नोंदीवर "ठीक" लिहिलं, तिला खोटारडी ठरवून वर सचोटीच्या गप्पा मारल्या. आणि ती मला चारचौघांत उघडं पाडायला तयार नव्हती. मी शर्ट काढून ठेवला. मला रडू आलं, आणि बायकोने ते पाहिलं नाही असं दाखवलं.

संध्याकाळी टिटवी आली तेव्हा मी म्हणालो, "मागचा प्लग मी बदललाच नव्हता."

"हो."

"खांदा वर जात नाही माझा."

"गेल्या वर्षापासून तुम्ही धक्क्यावर डावा हात करताय, बाबा. मी रोज बघत होते. वाटलं, आज सांगतील." एवढं बोलून ती आत गेली.

सोमवार, २४

समितीत पाच जण, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. साहेबांनी माझं कौतुक करत सुरुवात केली. मी म्हणालो, साहेब, आधी मला बोलू द्या.

बरोबर लाल प्लग, नळी आणि ही वही नेली होती. बोलायला लागलो तर सगळं भलत्याच क्रमाने यायला लागलं, म्हणून सरळ तीन तारखेचं पान उघडून वाचलं. किटलेल्या कानांपासून. माळ्यावरचा डबा आला तेव्हा एक बाई हसल्या. "मागचा उद्या करतो" वाचलं तेव्हा कोणी हसलं नाही. मग पाच तारीख वाचली, मग पंधरा. टिटवी भिंतीपाशी उभी होती आणि स्वतःच्या बुटांकडे बघत होती.

साहेब म्हणाले, "मास्तर, हे खाजगीत सांगता आलं असतं."

"तिच्यावरचा आरोप मी खाजगीत केला नव्हता," मी म्हणालो.

निकाल अर्ध्या तासात लागला. तिच्यावरचा अहवाल रद्द, उद्यापासून पाण्यावर. माझी नोकरी राहिली, पण खांदा दाखवून उपचार होईपर्यंत बचावाच्या मशिनवर माझ्या एकट्याची सही चालणार नाही. दुसऱ्याने उघडून पाहायचं आणि आधी त्याने सही करायची. मी मान हलवली. त्यांनी जे ठरवलं ते बरोबरच आहे, तरी वाईट वाटलं.

मंगळवार, २५

सकाळी टिटवी वर्कशॉपात आली. मी झाकण उघडलं आणि बाजूला झालो. "माझा हात पोचत नाही. तू लाव."

तिने वीतभर नळीचं गेज घेतलं, हात कोपरापर्यंत आत घातला, मनगट वर वळवलं. तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. मागचा, एकशे अडतीस. पुढचा, एकशे चाळीस. मग नवा प्लग बोटांनी फिरवत बसवला आणि बाटली काढून हिरवा ठिपका दिला. हात जड नाही तिचा. कधीच नव्हता.

"माझा राग गेलेला नाही," ती सही करताना म्हणाली.

"असू दे."

"नळीचं काय करणार?"

"करवतीने कापली सकाळीच." तिच्या सहीखाली मी माझी केली.

स्कूटर पाण्यात सोडली. ती धक्क्यापासून वीस हात गेली, वळली आणि हात वर केला. सवयीने माझा डावा वर गेला. ती जागची हलली नाही. इंजिन फटफट चालू, ती बघतेय. दाढी एक नंबरवर बसून बघतोय, पहिले पोहणारे टॉवेल घेऊन बघतायत. मी डावा खाली घेतला आणि उजवा उचलला. छातीपर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला, कानापाशी येऊन थांबला. तिथे कळ आली. त्याच्या वर तो जात नाही, आणि ते तिला तिथूनही दिसलं असणार.

तिने मान हलवली आणि पुरी रेस दिली.

स्कूटरने दम खाल्ला नाही. दुपारी खांदा दाखवायला जायचंय, टिटवी सोबत येते म्हणालीय.